खालच्या आळीचा आवाज

हंसाला तोंड नाही, असं आमच्या सांडोरात कुणी म्हणणार नाही. बाजारात ती मासळीचा भाव करायला लागली की समोरची बाई पाटी उचलून पलीकडे जाऊन बसते. लग्नात तिचं हसणं बँडच्या वर ऐकू येतं. आणि हीच बाई यंदा मे महिन्यात आमच्या क्रुसासमोर उभी राहिली की मुकी होते. मान वळवून बघावं तर ओठ हलतात, आवाज नाही. धाकटी जाऊ आहे म्हणून सुरुवातीला मी पोटात घातलं. मग नाही घातलं.

आमच्याकडे मे महिनाभर संध्याकाळी क्रुसाजवळ रोजरीची जपमाळ होते आणि शेवटी लितानी. लितानी सांगते मी. सासू गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि माझ्यानंतर कुणाकडे जायची ते मी ठरवेन. मी पवित्र मातेचं एकेक नाव घ्यायचं आणि मागून सगळ्यांनी ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायचं. उभं राहायची रीतही ठरलेली. वरची आळी उजवीकडे, खालची आळी डावीकडे, आणि पुढे मध्ये मी, क्रुसाकडे तोंड करून. हंसाचं घर खालच्या आळीत, म्हणून माझ्या डाव्या खांद्यामागे पहिली तीच. दोन्ही आळ्यांचं पाण्यावरून भांडण झालं होतं, एकमेकांच्या मयतालाही लोक जात नव्हते, तेव्हासुद्धा क्रुसासमोर खालच्या आळीनं उत्तर दिलेलं आहे. तिथे उत्तर द्यायचं नाही म्हणजे समोरच्या बाईला तू आम्हाला मेलीस, असं सांगणं.

यंदा उजवीकडून उत्तर यायचं आणि डावीकडून काहीच नाही.

आमच्या वाडीत बावखल आहे, केळींना पाणी शिंपायचं जुनं तळं. लहानपणी आम्ही त्यात दगड टाकायचो आणि डुबुक ऐकायला कान देऊन थांबायचो. तसं मला रोज वाटायचं. मी नाव टाकते आहे, कान देऊन थांबते आहे, आणि दगड पाण्याला लागतच नाही. पुढचं नाव घ्यायला जीभ जड व्हायची. पण मी घ्यायची. इझाबेल अडखळली, असं कुणाला म्हणू द्यायचं नव्हतं.

ह्याचं कारण मला ठाऊक होतं. ईस्टरच्या दिवशी पाहुण्यांसमोर मी म्हटलं होतं, की हंसाचे तळलेले मैद्याचे फुगे खाण्यापेक्षा कुंपणाला लावावेत, चोर आला तर फेकून मारता येतील. सगळे हसले. हंसाही हसली, पण तिचं हसू मला तेव्हाच खरं वाटलं नव्हतं. आता तिनं अख्खी आळी फिरवली होती. एकटी हंसा रुसली तर मी तिला पुरून उरले असते. पण अर्धं गाव पाठीमागे उभं राहून गप्प बसलं, तर बाईनं काय करायचं? माझ्या घरात मयत झालं तर खांदा द्यायला कोण येणार, इथपर्यंत माझं डोकं जायचं.

आमच्या ह्यांना, ॲन्सेल्मना, मी विचारलं, “खालच्या आळीचा आवाज येतो का हो तुम्हाला?”

“येतो की. चांगला मोठा येतो.”

“तुमच्या भावाची बायको ना. तुम्हाला येणारच.”

“मग विचारलंस कशाला?” म्हणून ते पेपरात घुसले.

एका संध्याकाळी लितानी संपल्यावर मी मागे वळले आणि सगळ्यांदेखत बोलले. “हंसा, देवासमोर तोंड उघडायचे पैसे पडतात का गं?”

हंसा मेणबत्ती विझवत होती. ती तशीच थांबली. “जाऊबाई, ओरडून ओरडून घसा बसलाय माझा!”

“ओरडतेस? मग मला कसं ऐकू येत नाही?”

मी पुन्हा क्रुसाकडे वळून फुलं सारखी करू लागले. मागून हंसा आणखी काहीतरी म्हणाली, बायकांमध्ये हालचाल झाली, पण शब्द मला कळले नाहीत. कळले नाहीत हे मी दाखवलंही नाही. “शेवटच्या दिवशी फादर येतील,” मी क्रुसाकडे बघूनच सांगितलं. “त्यांच्यासमोर ह्याचा निकाल लावते. जिला उत्तर द्यायचं नाही, तिनं पुढे उभं राहायचं नाही.”

बोलून गेले. घरी आल्यावर भानावर आले. निकाल लावायचा तर पुरावा पाहिजे, आणि खालच्या आळीनं एका तोंडानं सांगितलं की आम्ही म्हणतो, तर मी एकटी काय करणार होते?

पुरावा घरातच होता. माझी नात ॲनिशा रोजची लितानी फोनवर घ्यायची आणि कुवेतला तिच्या बापाला, माझ्या लेस्टरला, पाठवायची. मी तिला म्हटलं, “लाव ते. बघू कोण बोलतं आणि कोण नाही.” तिनं लावलं. फोनमधून कढईत काहीतरी तळल्यासारखा आवाज आला. बायका कुठल्या, चिमण्या कुठल्या, काही कळेना.

“आजी, हेडफोन लाव. त्यात एकेक आवाज वेगळा येतो.”

“तुझे ते शेंगदाण्याएवढे मी कानात घालायची नाही. कान झाकणारे पाहिजेत. आणि आवाज मोठा पाहिजे. चांगला मोठा.”

“अगं पण तुला कशाला?”

“तुझ्या हंसाआजीला ऐकायला.”

ॲनिशानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी नजर वळवली.

खरं सांगायचं तर आणखीही काही होत होतं. दुपारी मी उजव्या कुशीवर पडले की घर एकदम गप्प व्हायचं, जणू कुणी दारावर गोधडी टाकली. वाडीतला पंप बंद असतानाही मला तो चालू ऐकू यायचा, दिवसभर घुंऽऽ असा. त्यावरून मी ह्यांना दोनदा फैलावर घेतलं होतं, आणि दोन्ही वेळा ह्यांनी मला बाहेर नेऊन बंद पंप दाखवला होता. रस्ता ओलांडताना डावीकडून रिक्षा अशी अचानक अंगावर आली होती, जशी जमिनीतून उगवली. ह्या गोष्टी मी एकमेकींच्या जवळ येऊ देत नव्हते. पंप वेगळा, रिक्षा वेगळी, हंसा वेगळी. जवळ आल्या तर त्या काय बोलतील ह्याची मला भीती वाटत होती.

माझी आई उतारवयात बहिरी झाली होती. आधी तिच्याकडून लितानी गेली, मग बाजार, मग कमरेच्या किल्ल्या. कुणी भांडून घेतल्या नाहीत. ‘राहू दे गं आई, तुला त्रास,’ असं म्हणून घेतल्या. शेवटी ती ओट्यावर बसलेली असायची आणि लोक तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे, जसं खांबाच्या अलीकडून पलीकडे बोलतात. ती हसायची, कारण बाकीचे हसताना दिसायचे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळीच मी ॲनिशाला घेऊन वसईला गेले. पारनाक्याच्या पुढे एक मोबाईलचं दुकान आहे. गल्ल्यावर क्षितिजा नावाची बाई बसते. पस्तिशीची असेल, विरारहून येते. बोलायला मोकळी.

“कुणासाठी, आजी? नातीसाठी?”

“माझ्यासाठी. का, म्हाताऱ्या बायकांना कान नसतात?”

“असतात ना! बसा. बजेट काय?”

“दोन हजारांच्या पुढे एक पैसा नाही. आवाज मोठा, माल चांगला. उद्या इकडची बाजू तिकडे लोंबायला लागली तर तुझ्या गल्ल्यावर आणून ठेवीन.”

“आजी, पैसे तुम्ही देताय की मी?” ती हसली आणि तिनं काळा चकचकीत एक काढला. ॲनिशानं त्यावर लितानी लावली. मी डोक्यावर चढवला. उजव्या कानात धाडधाड झालं. कुणीतरी टेबल सरकवल्यासारखं.

“नुसता ढोल आहे,” मी म्हणाले. “बायका कुठे गेल्या ह्यातल्या? आणि डावी बाजू वाजत नाही. खराब आहे हा.”

क्षितिजानं तो स्वतःच्या डोक्याला लावून बघितला. “डावी? वाजते की.”

“नाही वाजत.”

“बरं, राहू दे. तसाही ह्यात बेस जास्त. डीजेवाल्यांना आवडतो.” तिनं दुसरा आणला, जाड गाद्यांचा, मोठ्या खोक्यातला. “हा थोडा वर जाईल बजेटच्या. पण बाहेरचा सगळा आवाज बंद करतो. गाडी, पंखा, माणसं, काही ऐकू येणार नाही.”

“पैसे देऊन बहिरं व्हायचं?”

ॲनिशा हसली. मला हसू आलं नाही. कारण तो माझ्या डोक्यावर चढवून क्षितिजानं कसलंसं बटण दाबलं होतं आणि दुकानातला पंखा, रस्ता, ॲनिशाचं हसणं, सगळं एका झटक्यात गेलं होतं. तिचे दात दिसत होते, आवाज नाही. उजव्या कानात तेवढी लितानी वाजत होती. मी तो ओरबाडून काढला.

“ह्याचीही डावी बाजू वाजत नाही,” मी म्हणाले. माझा आवाज चिरका निघाला. “तुझ्या दुकानातला सगळा माल एकाच बाजूचा आहे की काय?”

क्षितिजाचा चेहरा बदलला. रागावली नाही ती. रागावली असती तर बरं झालं असतं. हळू बोलायला लागली. “आजी, आत लाल खूण आहे ना, ती उजवी. उलटा घातला नाही ना तुम्ही?”

“मला लाल रंग कळतो.”

“आवाज सगळ्यांचाच मोठा आहे हो. पण मोठा करताना फाटतो की नाही, ते बघायचं. हा घ्या. दिसायला साधा आहे. ह्यात माणसाचा आवाज छान येतो. बजेटमध्ये बसतो, आणि गाद्या फाटल्या तर वेगळ्या मिळतात.”

तिसरा राखाडी होता. हलका. मी डोक्यावर ठेवला, लाल खूण उजवीकडे आहे हे बघून. ॲनिशानं आवाज वाढवत नेला. आणि उजव्या कानात आमचा क्रूस उभा राहिला. कावळा ओरडला. कुणाची तरी बांगडी वाजली. मी स्वतः नाव घेतलं, खणखणीत. आणि लगेच मागून उत्तर आलं. त्या सगळ्या उत्तराच्या वर एक आवाज होता, बसलेला, खरखरीत, शेवटचा शब्द ओढून धरणारा. हंसाचा. पुढचं नाव. पुन्हा हंसा. तिच्यामागे खालच्या आळीच्या सगळ्या बायका, जशा पुढच्या होडीमागे दोरानं बांधलेल्या. एकही नाव त्यांनी सोडलं नव्हतं.

“हे दोन्हीकडे सारखंच येतं का?” मी ॲनिशाला विचारलं. “का उजवीकडे उजव्या बायका?”

“फोनचा एकच माइक आहे, आजी. दोन्ही कानांत सारखंच येतं.”

माझ्या डाव्या कानात घुंऽऽ चाललं होतं. बाकी काही नाही.

मी त्यांच्याकडे पाठ केली. समोर काचेच्या कपाटात फोनची कव्हरं टांगलेली होती, आणि काचेत मी दिसत होते, डोक्यावर तो राखाडी पट्टा, कपाळावर घाम. मी हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि परत घातला. लाल खूण आता डावीकडे.

जी बाजू मघाशी मेलेली होती, ती माझ्या उजव्या कानात गायला लागली. हंसा, बायका, कावळा, सगळं. आणि जी मघाशी गात होती, ती डाव्या कानावर गेली आणि मेली.

मी परत फिरवला. परत उलटा केला. दगड पाण्याला लागत होता. रोज लागत होता. डुबुक होत होतं, आणि सगळ्या गावाला ते ऐकू येत होतं.

“आजी?” ॲनिशा काचेत माझ्या मागे दिसली. तिनं सगळं बघितलं होतं.

मी हेडफोन क्षितिजाच्या पुढे ठेवला. “हाच दे.”

“डावी बाजू वाजत नाही म्हणत होता ना?”

“वाजते. खोक्यात घाल.”

परत येताना रिक्षात ॲनिशा माझ्या डावीकडे बसली. ती काहीतरी बोलत असावी, कारण तिचा हात माझ्या दंडावर होता. मी सरळ समोर बघत होते. मग ती वाकून माझ्या तोंडासमोर आली. “आजी, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“तुला माहितीये काय ते. कानाच्या डॉक्टरकडे जायचं आपण. उद्या सकाळी. असं एकदम झालं तर लगेच दाखवायचं असतं. माझ्या कॉलेजमधल्या टिफनीच्या मम्मीचं असंच झालं होतं. लगेच गेले म्हणून परत आलं थोडं.”

लगेच. तो शब्द माझ्या उरात बसला. मी लगेच काय केलं होतं? महिनाभर हंसाशी भांडले होते. जो वेळ डॉक्टरला द्यायचा, तो फुग्यांच्या भांडणात घालवला. आता परत येण्यासारखं असलं तरी कदाचित राहिलं नसेल. आणि उद्या उजवाही गेला तर? तिथे कुंपण घातलेलं आहे का कुठे, की इथपर्यंतच म्हणून?

“मी कुणाला सांगणार नाही,” ॲनिशा म्हणाली. “तू म्हणशील तसं.”

दुपारभर मी तेच घोळवलं. सांगायचं नाही. संध्याकाळी फादरसमोर म्हणायचं, झालं गेलं विसरू, चला. सगळे म्हणतील, इझाबेलनं मोठं मन दाखवलं. हंसा मात्र तशीच राहील, देवासमोर मुकी राहणारी बाई म्हणून. माझी लितानी शाबूत. किल्ल्या शाबूत. मी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. उजव्या बाजूला होत्या, वाजल्या. मग मी त्या डाव्या बाजूला खोचून हलवल्या. वाजल्या, पण कुठून ते कळेना. कुणीतरी त्या शेजारच्या घरात वाजवाव्यात, तशा. मला ओट्यावर बसलेली आई दिसली, न कळता हसणारी. आणि मला वाटलं, मी आत्ताच तशी दिसत असेन. बाकीच्यांना केव्हाच दिसत असेन. हंसा त्या दिवशी मागून काय म्हणाली होती?

संध्याकाळी क्रूस चाफ्यानं भरला होता. फादर आले होते. दोन्ही आळ्या आपापल्या जागी. मी पुढे उभी राहिले, रोजरी झाली, आणि मी लितानी सुरू केली. उजवीकडून उत्तर. डावीकडे अंधार. ह्या खेपेला मला ठाऊक होतं की तिथे माणसं आहेत, आणि तरीही भीती गेली नव्हती. उलट जास्तच. इतके दिवस मला वाटत होतं की लोक मला सोडून गेलेत. आता कळत होतं की लोक इथेच आहेत आणि जाते आहे मीच.

शेवटचं नाव झालं. आमेन झालं. मी वळले. वळल्यावर खालची आळी माझ्या उजव्या हाताला आली, आणि हंसाचा आवाज नीट आला. बसलेला, खरखरीत.

“बोला, जाऊबाई. निकाल लावणार होतात ना?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हनुवटी वर. आमच्या घरात आलेली बाई आहे, हनुवटी वरच असणार.

“त्या दिवशी तू मागून काय म्हणालीस?” मी विचारलं. “मी फुलं लावत होते तेव्हा.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

“म्हणाले होते,” हंसा खाली बघून बोलली, “की जाऊबाईंच्या कानाचं कुणीतरी बघा. भांडण मग करू.”

फादर काहीतरी बोलायला पुढे सरकले. मी हात करून त्यांना थांबवलं. वरची आळी ऐकत होती, खालची ऐकत होती, आणि आता जे तोंडातून जाणार ते परत घेता येणार नव्हतं. मी किल्ल्या मुठीत धरल्या आणि हंसाला म्हणाले,

“मग ऐक निकाल. सगळ्यांदेखत बोलले होते, सगळ्यांदेखतच सांगते. तू मुकी नाहीस. खालची आळी तुझ्या आवाजावर चालते, ते मी आज कान झाकून ऐकलं. माझा डावा कान गेलाय. उद्या डॉक्टरकडे तू यायचंस माझ्याबरोबर, ते काय सांगतील ते तू ऐकायचंस, आणि मला खोटं सांगायचं नाहीस. रीत मोडली तर मोडू दे, पण पुढच्या मेमध्ये तू माझ्या उजवीकडे उभी राहायचंस, आणि मला काही ऐकू आलं नाही तर कोपरानं ढोसायचंस. लितानी मी सोडणार नाही. किल्ल्या मी देणार नाही. आणि तुझे फुगे दगडच होते, हंसा. ते मी मागे घेत नाही.”